बारमाही होण्याआधीचं मंचर

मंचरच्या बाजारात आता कुठल्याही महिन्यात काहीही मिळतं. भर उन्हाळ्यात कोथिंबिरीची हिरवीगार जुडी मिळते, श्रावणात टोमॅटो मिळतात आणि एखाद्या साध्यासुध्या मंगळवारी दुपारी हायवेवरच्या हॉटेलात बसलं की मासवडीची थाळीही समोर येते. माझ्या नातीला यात काही विशेष वाटत नाही. माझ्या आजीनं मात्र हे पाहिलं असतं तर तिनं आधी विचारलं असतं, "आज काय आहे घरात? कोण पाव्हणं आलंय?" कारण तिच्या मंचरमध्ये प्रत्येक गोष्टीला तिथी होती. खाण्याला होती, पाहण्याला होती, नाचण्याला होती आणि भांडणालाही होती, कारण भावकीतले जुने वाद यात्रेच्या मानावरूनच उकरले जायचे.

जुनं ते सोनं असं म्हणायला मी बसलेलो नाही. आमच्या आंबेगाव-जुन्नरचं खाणं, पाहणं आणि गाणं-नाचणं एका पिढीत कसं बदललं हे आठवताना मला एकच धागा सारखा हाती लागतो, आणि तो म्हणजे पाणी. घोड नदीवर डिंभे धरण झालं, कालवे निघाले, नदीवर बंधारे पडले आणि आमचं हंगामी गाव बारमाही झालं. ज्या आंबेगावच्या नावानं तालुका ओळखला जातो ते मूळ आंबेगाव त्याच धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या जलाशयाला नाव दिलं हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेले आणि 12 डिसेंबर 1930 रोजी परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्याच्याखाली चिरडले गेले. कोरडवाहू गावातली पोरं पोट भरायला कुठवर जात होती, ते त्यांच्या नावावरूनही कळतं.

धरणाआधीचं वर्ष असं असायचं. मृग लागला की बाजरी, मागून विहिरीच्या पाण्यावर थोडा गहू-हरभरा, पठारावर बटाटा. होळी झाली की रान मोकळं. होळीपासून मृगापर्यंत शेतात काही नाही, विहिरीला पाणी नाही, हाताला काम नाही. घरात मात्र खळ्यावरून आलेलं धान्य असायचं आणि मुंबईला हमालीला, गिरणीत, डबे पोचवायला गेलेली माणसं चार दिवसांची सुट्टी काढून आलेली असायची. मग लग्नं, नवस, बैलगाडे, कुस्त्या, तमाशा, देवाची पालखी हे सगळं त्या तीन महिन्यांत बसवलेलं. लोक म्हणायचे, देवाची तिथी आहे. देवांनाही रिकामं रान पाहूनच चैत्र-वैशाख सुचला असावा!

त्यातही शहाणपण होतं. शेजारशेजारच्या गावांच्या यात्रा सहसा एका दिवशी यायच्या नाहीत. आज या गावाला, परवा त्या गावाला. त्यामुळे लेकी-जावयांना, मामा-आत्यांना गावोगाव फिरता यायचं. आम्ही पोरं तर महिनाभर घरी जेवायचोच नाही म्हटलं तरी चालेल. सकाळी मांडव-डहाळे निघायचे. बैलगाड्यांवर आंब्या-जांभळाच्या डहाळ्या लादून वाजतगाजत देवळापुढे मांडव घालायला न्यायच्या. मग शेरणीचा गूळ वाटला जायचा. दुपारी घाटात गाडे, संध्याकाळी आखाडा, रात्री छबिना आणि त्यानंतर तमाशा. देवळाबाहेरच्या पालांवर गोडीशेव, रेवड्या आणि भेळभत्ता. गोडीशेवेची पुडी घरी नेली नाही तर यात्रेला जाऊन आलो हे कुणी मानत नसे.

घाट म्हणजे आमच्याकडे नदीचा घाट नव्हे. बैलगाड्यांच्या शर्यतीसाठी तयार केलेली चढाची धावपट्टी म्हणजे घाट. पळणाऱ्या गाड्यावर हाकणारा कुणी नसतो, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. हलक्या लाकडी गाड्याला बैलांच्या दोन जोड्या, एकीमागे एक, आणि सगळ्यांच्या पुढे घोडी. बारी लागली की खाली बैल धरून उभी असलेली माणसं शेपटाएवढ्या अंतरावरून ओरडतात, हात सुटतात आणि मग पुढचं सगळं बैलांचं आणि घोडीवर बसलेल्या पोराचं. वर निशाणापाशी घड्याळ घेऊन बसलेला पंच, आणि कर्ण्यातून "झाली, झाली" असा पुकारा. अर्ध्या मिनिटाच्या आतला मामला. त्या अर्ध्या मिनिटासाठी वर्षभर बैलाला हुलग्याचं माडगं आणि घरच्या पोराच्या वाटचं दूध पाजलेलं असायचं. पण तोच बैल आखाड संपेपर्यंत नांगर-कुळव ओढायचा. घाटात पळायचा तो त्याचा सणाचा दिवस.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या. आमच्याकडच्या यात्रांमध्ये त्यानंतर देव होता, पालखी होती, पण दुपार रिकामी असायची. डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. शर्यती परत आल्या, पण पहिल्यासारख्या नाही. घड्याळाच्या जागी सेकंदाचे बारीक तुकडे दाखवणारं यंत्र आलं. बक्षिसाला पितळेच्या हंड्याऐवजी मोटारसायकल आणि ट्रॅक्टर आले. मोबाइलवर थेट प्रक्षेपण सुरू झालं आणि पळणाऱ्या बैलांच्या किमती लाखांत गेल्या. शेतात नांगराला ट्रॅक्टर आहे, त्यामुळे बैल आता फक्त पळतो. यात्रेपुरती शर्यत राहिली नाही; कुणाचा वाढदिवस असला तरी घाट सजतो. मला गाडे आजही आवडतात, निशाणापाशी उभा राहिलो की छाती धडधडते. तरीपण नांगरटीच्या बैलाला एक दिवस राजा करण्यात जी मजा होती, ती बारा महिने राजाच असलेल्या बैलात येत नाही.

तमाशाचंही तेच. तमाशाची पंढरी म्हणजे आमच्या शेजारचं नारायणगाव. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागायच्या आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला यायचे. ही प्रथा अजून आहे. माझे चुलते एकदा मला सोबत घेऊन गेले होते. एका राहुटीत सतरंजीवर फडमालक बसलेले, पुढ्यात वही, वहीत तिथ्यांचे रकाने. चुलते म्हणाले, "आम्हाला अष्टमी पाहिजे." मालक म्हणाले, "अष्टमी गेली आप्पा, नवमी घ्या." देवाची तिथी कशी हलवणार? शेवटी दुसऱ्या राहुटीत गेलो. त्या वहीत गावोगावचे देव आणि त्यांचे दिवस एका ओळीत मांडलेले मी पहिल्यांदा पाहिले.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच मातीतल्या. 1957 आणि 1990 असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेली ही बाई. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायका तमाशाला जात नसत, पण विठाबाईचं नाव आदरानं घेत. रात्री वग रंगायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या व्हायच्या. गावकऱ्यांनी फेटे बांधून, उन्हात बसून ऐकायच्या. आता फडाचे ट्रक मोठे झाले, दिवे डोळे दिपवणारे झाले, गाणी सिनेमाची झाली आणि वग आखडत आखडत गेला. लोकांना थांबायला वेळ कुठे आहे? पहाटे चारला मार्केटला माल पोचवायचा असतो. पूर्वी चैत्रात माणसाला रात्र जागायला परवडायचं, कारण सकाळी उठून करायचं काही नव्हतं. कालव्यानं पीक दिलं आणि पहाट काढून घेतली. विठाबाईंच्या नावानं राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं, ते चांगलंच आहे. पण वगाला लागणारा निवांतपणा पुरस्कारानं परत येत नाही.

आता मासवडी. आमच्या भागाचं नाव बाहेर कुणी काढलं तर आधी शिवनेरी काढतात आणि लगेच मासवडी. नावावर जाऊ नका, त्यात मासा नाही. माळकऱ्यांच्या घरी मटणाच्या तोडीस तोड म्हणून हा बेत. आईची मासवडी मी चुलीपाशी बसून पाहिलेली आहे. पातेल्यात लसूण-जिऱ्याची फोडणी, हळद-तिखट, पाण्याला उकळी. त्यात बेसन वैरत राहायचं आणि गुठळी होऊ न देता हाटायचं, पार चमचा उभा राहीपर्यंत. दुसरीकडे सारण तयार: भाजलेलं खोबरं, तीळ, भाजून वाटलेला कांदा, लसूण, कोथिंबीर. मग पाटावर ओलं फडकं पसरून ते जळजळीत बेसन हातानं थापायचं. हीच खरी परीक्षा. बेसन निवलं की तडकतं, त्यामुळे हात भाजला तरी थांबायचं नाही. आई पाण्यात बोटं बुडवून थापायची आणि तोंडानं आमच्यावर ओरडायची. सारण पसरून फडक्यासकट गुंडाळी करायची, वरून दाबून तिला धार काढायची, मग सुरीनं वड्या. काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा. वडी रश्शात ऐनवेळी सोडायची, आधी नाही.

हे वर्षातून मोजक्या वेळा. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, जावई आला तर, नाहीतर मुंबईकर निघायच्या आदल्या रात्री. आता हायवेला पाट्याच पाट्या आहेत. पुण्याहून नाशिकला जाणारी गाडी मासवडीसाठी मुद्दाम थांबते आणि बचत गटाच्या बायका ऑर्डर घेऊन घरपोच देतात. चव? काही ठिकाणी खरोखर उत्तम असते. मी आठवणींनी गहिवरून आईच्या हातच्या चवीवर बोलायला लागलो की माझी बहीण गप्प करते. ती म्हणते, "तू खाल्लीस, मी हाटलीय. माझ्या हाताला अजून डाग आहेत. आता त्याच कामाचे बायकांना पैसे मिळतात, त्याचं काय वाईट?" याला माझ्याकडे उत्तर नाही. स्मरणरंजन करणारे बहुतेक पुरुष असतात, कारण त्यांच्या वाट्याला पंगत आली होती, पाट नव्हे.

किनारा आमच्यापासून लांब, मधे सह्याद्री. तरी समुद्र आमच्या ताटात हंगामानंच यायचा. पावसाळ्याआधी बाजारात सुक्या मासळीच्या पाट्या लागायच्या. सुकट, बोंबील, वाकट. आखाडात भाजी मिळायची नाही म्हणून बेगमी. बोंबील चुलीत भाजला की अर्ध्या आळीला कळायचं. ही ये-जा फार जुनी. जुन्नरहून कोकणात, कल्याण-सोपाऱ्याकडे उतरायचा राजमार्ग नाणेघाट. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञांच्या दक्षिणांचे आकडे कोरलेत, आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण, जकातीचा म्हणून सांगतात. भीमाशंकरला शनीच्या देवळापुढची मोठी घंटा तर पोर्तुगिजांची. 1739 च्या वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी आणलेल्या घंटांपैकी ती एक, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आज मंचरला बर्फातली ताजी सुरमई मिळते. गंमत अशी की कोकणाला अजून हंगाम पाळावाच लागतो. जून-जुलैत मासेमारी बंद म्हणजे बंद, माशांच्या विणीचे दिवस. समुद्र कोळ्याला सुट्टी देतो. कालवा आमच्या शेतकऱ्याला देत नाही.

पाहायला म्हणून आम्ही पूर्वी कुठे गेलोच नाही. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढलो त्या आजीच्या नवसाला. गिरिजात्मज ज्या डोंगरात बसलाय तिथे बौद्ध लेणी आहेत, जुन्नरच्या भोवतीचे डोंगर लेण्यांनी पोखरलेले आहेत, हे शाळेच्या पुस्तकात नंतर वाचलं. शिवनेरी पाहिला शाळेच्या सहलीत, भाकरीचं फडकं हातात घेऊन. भीमाशंकरला जायचं ते महाशिवरात्रीला नाहीतर श्रावणी सोमवारी, घोडेगाव, डिंभे, तळेघर करत एसटीनं. गाडी भरून गेली तर टपावरही माणसं. 2018 मध्ये राज्य शासनानं जुन्नरला विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा दिला आणि तेव्हापासून शनिवार-रविवार हीच मोठी यात्रा झाली. नाणेघाटात पावसाळ्यात वाऱ्यानं उलटं उडणारं पाणी पाहायला एवढी गर्दी होते की नागनिकेच्या लेखापाशी क्षणभर उभं राहायला जागा नसते, आणि उभं राहायची फारशी कुणाला इच्छाही नसते.

पश्चिमेकडच्या आदिवासी गावांतून ही गर्दी जाते. तिथे महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबं उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात, पावसाळ्यात भाताची आवणी करतात. हिरड्याचे पैसे हीच त्यांची वर्षाची रोकड. आता काहींना तंबू आणि जेवणाचे पैसे मिळतात, हे खरं बदललेलं चित्र आहे. पण पावसाला मौज समजणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की याच डोंगरात 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण गाव दरडीखाली गेलं आणि 151 माणसं गेली. इथला पाऊस नुसता पाहायचा नसतो.

बारमाहीपणाचा एक पाहुणा न बोलावता आला, बिबट्या. पाणी आलं, ऊस आला, साखर कारखाने आले आणि बाराही महिने उभ्या पिकात त्याला घर मिळालं. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, हे आता आमच्या भागाच्या ओळखीत जमा झालंय. तमाशा सुटल्यावर आम्ही पोरं मध्यरात्री रानातून तीन-चार मैल चालत घरी यायचो, वगातले संवाद म्हणत. आज माझा पुतण्या रात्रीची वीज आली तर पाणी द्यायला एकटा जात नाही. दिवसा वीज द्या, ही शेतकऱ्यांची मागणी निम्मी बिबट्यासाठी आहे.

मग पाणी आलं नसतं तर बरं झालं असतं का? याचं उत्तर आणे पठारावर आहे. तिथे कालवा पोचलेला नाही. पाण्यासाठी ते लोक वर्षानुवर्षं भांडतायत. तिथली रंगदास स्वामींची आमटी-भाकरीची यात्रा मात्र अजून अस्सल आहे. मोठमोठ्या कढयांतून आमटी उकळते, घराघरांतून भाकरी भाजून येते आणि हजारो माणसं एका पंगतीला बसतात. ती आमटी मी खाल्लेली आहे. तशी झणझणीत, खोल चव कुठल्या हॉटेलात सापडत नाही. पण पंगतीतल्या शेजाऱ्यानं मला सांगितलं, "यात्रा झाली की पोरं परत पुण्याला. इथं राहून करायचं काय?" कोरडं रान माणसांना जत्रेला एकत्र आणतं आणि दुसऱ्या दिवशी हाकलूनही लावतं. आमच्या यात्रेची अपूर्वाई त्या रिकामपणातूनच यायची, आणि त्या रिकामपणाची किंमत मुंबईच्या गिरण्यांनी, बाजारांतल्या पाठींनी मोजली होती. कालवा नको असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

म्हणून माझं मागणं छोटं आहे. पर्यटनाच्या फलकांवर स्थळांची यादी असते. त्याऐवजी आमच्या भागाचं पंचांग छापा. पौष पौर्णिमेला नागापूरला थापलिंगाच्या खंडोबाला या. हिवाळ्यात आण्याची आमटी-भाकरी. 28 फेब्रुवारी, विज्ञान दिन, खोडदला; 45 मीटर व्यासाच्या तबकड्यांची ती महाकाय रेडिओ दुर्बीण त्या दिवशी लोकांसाठी खुली असते आणि आसपासच्या शाळा लोटतात, आमच्याकडची सगळ्यात नवी जत्रा म्हणायची ती. पाडव्याला नारायणगावच्या राहुट्या. चैत्र-वैशाखात कुठल्याही गावाची यात्रा, पण एखाद्याच्या घरी जेवायला बोलावणं असेल अशी. मृगाच्या तोंडावर भीमाशंकरच्या जंगलातले काजवे, गाडीचे दिवे बंद ठेवून. पावसाळा सरताना सातगाव पठारावर बटाट्याची काढणी आणि भाद्रपदी बैलपोळा; आमच्याकडे पोळा तेव्हा असतो.

मासवडी त्या पंचांगात टाकू नका. ती आता बारमाही आहे, बहिणीनं बजावून सांगितलंय, आणि पैसे रोख द्या.